रोपवाटिकेतली रोपे का कोलमडतात, आणि औषधाविना ती कशी वाचवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की फोन सुरू होतात. आधी मिरची, वांगी, टोमॅटो टाकणारे, मग धानाचे पऱ्हे (भाताचे रोप) टाकणारे, आणि दिवाळीच्या मागेपुढे कांद्याचे रोप टाकणारे. गाव बदलते, प्रश्न तेच असतात. म्हणून ते एकत्र लिहून काढले. पहिले प्रश्न साध्या गादीवाफ्यासाठी आहेत. ट्रे, खारे पाणी, धान, सोयाबीन आणि संत्रा यांची वेगळी गणिते शेवटी दिली आहेत.

१. रोपं छान उगवली, दोन पानांवर आली आणि एका रात्रीत आडवी झाली. हा कोणता रोग?

रोपे कोलमडणे, काही भागांत म्हणतात तसा रोपमर. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशा बुरशी त्याच्या मुळाशी असतात. त्या बाहेरून येत नाहीत, बहुतेक वेळा तुमच्या मातीतच असतात आणि ओल मिळाली की जोर धरतात. पिथियमला तर ओल आणि उकाडा दोन्ही आवडतात, म्हणजे आपला जून.

एका रात्रीत झाले असे वाटते, पण रोपाचा गळा त्याआधीच सडू लागलेला असतो. पडलेले एक रोप हलक्या हाताने उपटून बघा. पाने अजून हिरवी असतात, पण मातीला टेकलेला भाग पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल निसटून हातात येते आणि आत नुसता पांढरा धागा उरतो. असे झाले तर शंका नको.

२. माझं तर बीच उगवलं नाही. दुकानदार म्हणतो पाणी चुकलं, मी म्हणतो बियाणं खराब.

तिसरी शक्यता दोघेही विसरतात: बी मातीतच सडले. चाकूच्या टोकाने रांग हळूच उकरा. बी सापडलेच नाही तर मुंग्यांनी नेले. टणक, कोरडे सापडले तर ओल पोचली नाही किंवा बी मेलेले होते. दाबल्यावर पचकन फुटले, किंवा मोड बाहेर येऊन तपकिरी झालेला दिसला, तर हाच रोग, फक्त मातीच्या वर येण्याआधीचा.

भांडण टाळायचे असेल तर टाकण्याआधीच १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. महाग संकरित बियाण्याच्या पुडीत तेवढ्या बिया मोडवत नसतील तर वीस तरी घ्या. पुडी आणि बिल रोप लागेपर्यंत जपून ठेवा.

३. उन्हानं किंवा किडीनं गेलं की रोगानं, हे कसं ओळखू?

रोग ठिपक्यासारखा पसरतो. आज ताटलीएवढी जागा पडली तर उद्या टोपलीएवढी. उन्हाने भाजलेली रोपे मात्र वाफ्यावर सगळीकडे विखुरलेली दिसतात आणि गळ्यावर, तापलेल्या मातीच्या रेषेत, पांढुरका कोरडा डाग असतो. कुरतडणाऱ्या अळीने खाल्लेल्या रोपाचा कापा स्वच्छ असतो, आणि बाजूची माती बोटाने उकरली की वेटोळे घातलेली अळी सापडते. पानांच्या कडा आधी करपल्या आणि मग रोप गेले तर प्रश्न १७ वाचा.

४. वाफा कुठं आणि कसा करायचा?

आपल्याकडची, म्हणजे विदर्भातली, काळी भारी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते चालते, चार दिवसांच्या मिरचीला नाही. म्हणून सपाट वाफ्यात रोप टाकायचेच नाही. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. रुंदी यापेक्षा वाढवू नका, निंदायला दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. मातीत नाल्याची वाळू किंवा पोयटा आणि चाळलेले कुजके शेणखत मिसळा. मूठ आवळून सोडल्यावर गोळा फुटला की मिश्रण जमले. मधोमध किंचित उंच ठेवा, म्हणजे मृगाची सर आली तरी पाणी सरीत उतरेल.

जागेबद्दल एकच आग्रह: विहिरीजवळ, कडुलिंबाखाली, «सावलीत बरं राहील» म्हणून वाफा करू नका. झाडाखालची माती दुपारपर्यंत सुकत नाही आणि पावसानंतर दिवसभर पानांवरून थेंब गळत राहतात. उघड्यावर वाफा करा, कडक उन्हापुरती वर हिरवी जाळी किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) मांडव टाका आणि रोप रुळले की तो काढा.

गेल्या साली जिथे वांगी, मिरची, टोमॅटो किंवा बटाटा होता ती जागा टाळा. चारही एकाच कुळातली आहेत आणि त्यांच्या मुळांवरचे रोगही बरेचसे सामायिक आहेत.

५. बी फेकून टाकलं तर काय बिघडतं?

फेकलेले बी कुठे दाट पडते, कुठे विरळ. दाट पडते तिथे हवा खेळत नाही आणि रोग तिथूनच सुरू होतो. ८ ते १० सेंटिमीटरवर आडव्या रेघा ओढा, एक-दीड सेंटिमीटर खोल बी सोडा आणि चाळलेल्या खताने झाका. बी खोल गेले तर कोंब मातीत जास्त दिवस अडकतो, बुरशीला तेवढेच दिवस मिळतात. उगवण भरगच्च झाली तर विरळणी करा. जीव होत नाही उपटायला, हे समजते, पण चिकटून उभी दहा रोपे ठेवण्यापेक्षा मोकळी पाच बरी.

६. पाणी किती आणि केव्हा? आमच्याकडं लाईनच रात्री येते.

या सगळ्या पानातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पिथियम आणि फायटोप्थोरा यांचे बीजाणू पाण्यात पोहत एका रोपावरून दुसऱ्यावर जातात. माती जेवढे तास चिंब, तेवढे तास त्यांना रस्ता मोकळा. रात्री दहाला मोटर सुरू झाली आणि वाफ्यात पाट सोडला, तर वाफा दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत ओलाच राहतो. यानंतर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी, प्रश्न १०) टाका, नाही तर सोने टाका, रोपे पडणारच.

लाईन रात्रीची असेल तर रात्री वाफा भिजवायचा नाही, टाकी भरायची. टाकी नसेल तर दोनशे लिटरचा एक ड्रम काही वाफ्यांना पुरतो. सकाळी झारीने पाणी द्या, म्हणजे दुपारपर्यंत वरची माती सुकते. उगवण होईपर्यंत वाफ्यावर गव्हाचे कुटार किंवा वाळलेल्या गवताचा पातळ थर ठेवा, त्याने ओल टिकते. पण कोंब दिसले की त्याच संध्याकाळी थर उचला. तो दोन दिवस जास्त राहिला की खालची रोपे पिवळी, लांबुडकी होतात आणि गळ्यातून बसतात.

रोज ठरलेले पाणी देऊ नका. बोट पेरभर मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नका. ढगाळ दिवसांत दोन-दोन दिवस पाणी लागत नाही. बायाबापड्यांना सवयीने रोज सकाळी झारी फिरवायची असते, त्यांना हे एकदा समजावून सांगावे लागते.

७. घरचं शेणखत आहे. तेवढं पुरतं ना?

पुरते, पण कुजलेले हवे. हातात घेतल्यावर गरम लागले, शेणाचा वास आला किंवा कुटाराच्या काड्या ओळखू आल्या तर ते अजून कच्चे आहे. कच्च्या खतात बुरशीला खायला भरपूर असते, शिवाय हुमणीची अंडी फुकट येतात. उन्हाळ्यात उकिरड्याच्या तळाचे, काळे, भुसभुशीत, मातीसारखा वास येणारे खत काढा आणि चाळून घ्या. एका वाफ्याला सोबत अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड मिसळली तर चांगले, मात्र ती बी टाकण्याच्या आठ-दहा दिवस आधी मिसळून माती ओली ठेवा. ऐनवेळी टाकलेली पेंड कोवळ्या मुळांना भाजते.

८. प्लास्टिक अंथरून माती तापवतात म्हणे. खरंच उपयोग होतो?

होतो, आणि त्याला लागणारे ऊन आपल्याकडे फुकट आहे. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, प्लास्टिकखालची वरची माती त्याहूनही तापते.

एप्रिलच्या शेवटी वाफा तयार करा, ढेकळे फोडा आणि भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर प्लास्टिक अंथरणे हीच नेहमीची चूक. ओल्या उष्णतेने बुरशी मरते, कोरडीत ती तग धरते. वर पारदर्शक, २५ ते ५० मायक्रॉनचे प्लास्टिक ताणून टाका आणि चारही कडा मातीत गाडा. काळे नको, त्याने माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे हात लावू नका. शेळ्यांपासून जपा, खुराने एक भोक पडले तरी वाफ निघून जाते.

प्लास्टिक काढल्यावर वाफा खोल खणू नका, खालची न तापलेली माती वर येते. वरवर हलवा आणि प्रश्न १० मधले खत मिसळा. तापलेल्या मातीत चांगल्या बुरशीही कमी झालेल्या असतात, रिकाम्या जागी आधी आपली माणसे बसवलेली बरी. तणही बरेच मरते. लव्हाळा आणि हरळी मात्र याला दाद देत नाहीत.

९. वाफ्यावर काडीकचरा जाळला तर तेच काम होत नाही का?

वरचा एक-दोन बोटांचा थर तापतो, खाली काही पोचत नाही. त्यात खत होऊ शकणारे कुटार जाते. प्लास्टिक जमत असेल तर आग लावू नका.

१०. ट्रायकोडर्मा किती आणि कसा वापरायचा?

ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, पण रोगाच्या बुरशीला वेढून खाणारी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत तो मिळतो. वापर दोन जागी.

मातीत: १ किलो ट्रायकोडर्मा ५० ते १०० किलो कुजक्या शेणखतात मिसळा. ढीग सावलीत ठेवा, पाणी शिंपडून ओलसर करा, गोणपाटाने झाका आणि आठवड्याने एकदा खालीवर करा. दहा-पंधरा दिवसांत ढिगात हिरवट पांढरी बुरशी दिसते. मग वाफ्याला एक-दोन घमेली टाका. पुडी फाडून थेट उन्हातल्या वाफ्यावर भुरभुरली तर पैसे मातीत जातात. कोरड्या तापलेल्या मातीत तो वाढत नाही आणि त्याला खायलाही काही नसते.

बियाण्याला: किलोला ५ ते १० ग्रॅम. मिरचीची दहा ग्रॅमची पुडी असेल तर चिमूटभर पुरते. बियांवर गुळाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकून वाटीत घोळवा, पूड लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टाका.

११. आणलेला ट्रायकोडर्मा जिवंत आहे की नुसती पांढरी पूड?

रास्त शंका आहे. तो जिवंत माल आहे, आणि पत्र्याच्या दुकानात मे महिना काढलेली पुडी फार तर टाल्कम पावडर असते. तयार केल्याची तारीख बघा, सहा महिन्यांपेक्षा जुना घेऊ नका. पुडीवर ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू असल्याचे छापलेले असावे. खात्री करायची तर मूठभर ओलसर कुजक्या खतात चमचाभर मिसळून मडक्यात झाकून ठेवा. आठवडाभरात हिरवट साय धरली नाही तर त्या मालावर भिस्त ठेवू नका. ही परीक्षा बी टाकायच्या महिनाभर आधी करा.

१२. बीजामृत लावलं तर ट्रायकोडर्माची गरज उरते का? आणि जीवामृत?

बीजामृत म्हणजे बियाण्याला लावायचे शेण-गोमूत्राचे पाणी. ते अमरावती जिल्ह्यातल्या आपल्या बेलोऱ्याच्या, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांमुळे घरोघरी पोचले: २० लिटर पाणी, ५ किलो देशी गाईचे शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना आणि धुऱ्यावरची (बांधावरची) मूठभर माती, चोवीस तास ठेवून. माझे मत विचाराल तर घरच्या बियाण्याला ते लावा, खर्च काही नाही. पण वाफा चिबडणारा (पाणी साचून राहणारा) असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही लावायचे तर आधी बीजामृत, बी सुकल्यावर ट्रायकोडर्मा.

जीवामृत कोवळ्या रोपांवर दाट ओतू नका, त्यात गूळ आणि बेसन असते. चार पानांनंतर दहापट पाण्यात पातळ करून, गाळून, तेही सकाळी द्या.

१३. राख, हळद, हिंग, आंबट ताक यांचं काय?

चुलीची चाळलेली राख वरची माती कोरडी करते, एवढा तिचा खरा उपयोग. पातळ भुरभुरा. आपली काळी माती आधीच विम्लधर्मी, राखेचे थर दिले तर उलटे नुकसान. हळद, हिंग, ताक यांनी रोप बिघडत नाही, पण पडणारा वाफा यांनी थांबतो असे मी छातीठोक सांगणार नाही. ताक ओतताना वाफा पुन्हा भिजतो, हेही लक्षात घ्या.

१४. आत्ता रोपं पडत आहेत. आज काय करू?

पडलेले रोप उभे राहत नाही, त्याचा नाद सोडा. बाकीचे वाचवायचे आहे. पाणी लगेच बंद करा. मांडव, जाळी काढून हवा आणि सकाळचे ऊन येऊ द्या. पडलेला ठिपका आणि त्याच्याभोवतीची वीतभर उभी रोपेसुद्धा मातीसकट खुरप्याने उचला, घमेल्यात भरा आणि वावराबाहेर गाडा. उकिरड्यावर टाकू नका, पुढच्या साली तेच खत वाफ्यात येईल. खड्ड्यात कोरडी वाळू भरा. खुरपे धुऊन मगच चांगल्या वाफ्याला लावा. माती सुकल्यावर लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून रांगांच्या बुडाशी द्या, झारीला चाळणी लावून, चिखल होणार नाही एवढेच.

एवढे करूनही दुसऱ्या दिवशी नवे ठिपके दिसले तर पुढचा प्रश्न.

१५. बोर्डो मिश्रण सेंद्रियात चालतं का?

बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बुरशीनाशक. मर्यादेत चालते. तुमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर वापरण्याआधी प्रमाणन संस्थेला विचारा. तांबे मातीत साठत जाते, म्हणून दर साली सवयीने ओतायची ही गोष्ट नाही.

एक टक्का मिश्रणासाठी १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. घासलेला विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, आणखी चुन्याची निवळी घाला, नाही तर रोपे करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा दिला असेल तर तांब्याने तोही मरतो, तो पुन्हा द्यायचा तर मध्ये किमान पंधरा दिवस जाऊ द्या.

१६. संकरित बियाणं रंग लावलेलंच येतं. त्याला ट्रायकोडर्मा लावू का?

तो रंग बहुधा रासायनिक बुरशीनाशकासोबतचा असतो. त्यावर ट्रायकोडर्मा लावून फारसे हाती लागत नाही, तो मातीतून द्या. प्रमाणपत्र हवे असेल तर प्रक्रिया न केलेले बियाणे मागून घ्या. भिवापुरी मिरचीसारख्या गावरान वाणांचे बी घरीच धरता येते, पण निरोगी झाडावरच्या, जमिनीला न टेकलेल्या फळांचेच. उरलेले रंगीत बी कोंबड्यांना टाकू नका.

१७. आम्ही खारपाणपट्ट्यातले. सगळं केलं तरी रोपं जातात.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या या पट्ट्यात बोअरच्या पाण्यातच मीठ आहे. पानांच्या कडा करपल्या, वाफ्यावर सुकल्यावर पांढरी झाक आली, तर ते काम बुरशीचे नाही, आणि ट्रायकोडर्माने सुटणार नाही. पाणी आणि माती तपासून घ्या. रोपांना लागते किती पाणी? तेवढे शेततळ्याचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी राखून ठेवता येते. नाही तर रोप गोड्या पाण्याच्या गावी टाका आणि लावणीच्या वेळी आणा.

१८. ट्रेमध्ये कोकोपीटात रोप केलं तर हा रोग येतच नाही ना?

कमी येतो. एका खणातला रोग शेजारच्या खणात सहज जात नाही, हा ट्रेचा मोठा फायदा. पण ट्रे जमिनीवर टेकवून ठेवले की खालून माती लागते, आणि जुने ट्रे न धुता वापरले की गेल्या सालचा रोग हजर. ते घासून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. वापरलेले कोकोपीट पुन्हा ट्रेमध्ये नको. पाण्याचा नियम प्रश्न ६ चाच, फक्त ट्रे लवकर सुकतात म्हणून बोट लावून दिवसातून दोनदा बघा.

१९. वाफ्यातली निम्मी रोपं वाचली. ती वावरात लावू का?

ठिपक्यापासून लांबची, पांढऱ्या भरगच्च मुळांची असतील तर लावा. मुळाची टोके तपकिरी असतील तर नको, ती रोपे रोग घेऊन वावरात जातात. लावताना मुळे लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्माच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवा. त्या वाफ्यावर लगेच दुसरे बी टाकू नका.

२०. धानाच्या पऱ्ह्यालाही हेच लागू?

काही प्रमाणात. धानात आधी बी निवडा: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगलेले हलके, रोगट बी काढून टाका, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत सुकवा. भंडारा, गोंदियाकडे पऱ्हे गादीवाफ्यावर टाकणारे वाढत आहेत, ते बरेच आहे. उगवण होईपर्यंत पाणी साचू देऊ नका.

२१. सोयाबीन आणि कपाशीची रोपं मरतात, तोच रोग का?

उगवतानाची मर बहुतेक तीच. सोयाबीनच्या बियाण्याला किलोला ८ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा लावा, पण सोयाबीनची साल फार नाजूक असते. पोत्यात घालून रगडू नका, पाणी जास्त शिंपडू नका, साल सुटली की उगवण गेली. रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू खत) ट्रायकोडर्मानंतर लावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बोंडे धरलेली कपाशी पावसाच्या खंडानंतर पाणी मिळताच माना टाकते, ती आकस्मिक मर. तिचा इथल्या कशाशी संबंध नाही.

२२. आम्ही वरुडकडचे, संत्र्याची कलमं करतो. जंबेरीची रोपं बसतात.

जंबेरी म्हणजे ज्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात ते. इथे मुख्य वैरी फायटोप्थोरा, तोच पुढे बागेत डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होऊन दिसतो. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या बिया ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे ठेवा. थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजाने बी उकडून निघते. फळे झाडावरून तोडलेली घ्या, खाली पडलेली नकोत. पिशव्यांत भरायची माती प्रश्न ८ प्रमाणे तापवून घ्या आणि रोपवाटिका जुन्या बागेच्या उतारावर करू नका, बागेतले पाणी वाहून तिथेच येते. डोळा जमिनीपासून नऊ इंचांवर भरा. कलमे विकत घेणाऱ्याने ढिगातली कुठलीही एक पिशवी फाडून मुळे बघावी. विकणारा कुरकुर करेल, तिचे पैसे देऊन टाका.